रुग्णाचा सहभाग मोजावा कसा?

गावातील मधुमेही रुग्णाला महिन्याच्या गोळ्या दिल्या, की उपकेंद्राच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूण होते. गोळ्या दिल्या गेल्या, एवढेच त्या खुणेवरून सिद्ध होते. त्या घरी गेल्यावर रोज घेतल्या गेल्या की कोनाड्यात पडून राहिल्या, उपवासाच्या दिवशी त्यांचे काय झाले, पायाची जखम रुग्णाने स्वतःहून दाखवली की ती चिघळल्यावर मुलाने त्याला उचलून दवाखान्यात आणले, यांपैकी कशाचीही नोंद त्या वहीत नसते. वस्तुतः रुग्णाचे भवितव्य पुष्कळ अंशी या नोंद न झालेल्या गोष्टींवरच अवलंबून असते.

सार्वजनिक आरोग्याच्या कार्यात रुग्णाकडून अपेक्षित असलेला वाटा कालमानाने वाढत गेला आहे. देवीच्या निर्मूलनासाठी माणसाने दंड पुढे करावा, एवढे पुरेसे होते. लस टोचणाऱ्याने आपले काम चोख केले की तो माणूस सुरक्षित झाला. रोगाचे कारण त्याला उमगले नाही तरी काही बिघडत नसे. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये आढळला. नारूचे प्रकरण निराळे होते. पायऱ्यांच्या विहिरी बदलून घेणे हे शासनाचे काम असले, तरी पिण्याचे पाणी फडक्याने गाळणे आणि नारू बाहेर पडत असता पाण्यात पाय न घालणे हे घरोघरच्या माणसांनाच करावे लागले. देशातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला, यात शासकीय यंत्रणेइतकाच त्या फडक्याचाही वाटा आहे. आता मधुमेह, उच्च रक्तदाब आणि क्षयरोग समोर उभे आहेत. साध्या क्षयरोगाचे औषध सहा महिने, तर मधुमेह व रक्तदाबाचे बहुधा जन्मभर घ्यावे लागते. वैद्यकीय अधिकाऱ्याची आणि रुग्णाची गाठ महिन्यातून पाच-दहा मिनिटे पडते. उरलेला सर्व काळ उपचाराचा कारभार रुग्ण आणि त्याचे घर यांच्याच हाती असतो.

हा कारभार कसा चालला आहे, याचे मोजमाप करता येईल काय? नांदेड जिल्ह्याचे १६ आणि लातूर जिल्ह्याचे १० तालुके मिळून २०११ च्या जनगणनेनुसार ५८ लाखांवर लोकसंख्या होते. एवढ्या लोकसंख्येत कोणाला केवळ गोळ्या देऊन भागेल आणि कोणाच्या घरी आशा कार्यकर्तीने चार वेळा जाणे आवश्यक आहे, हे ठरविण्यास काही साधन हवे, हे उघड आहे.

मापिकेची रचना

या दिशेने झालेला सर्वाधिक परिचित प्रयत्न अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या प्राध्यापिका ज्युडिथ हिबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होय. त्यांनी २००४ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मराठीत तिला ‘रुग्ण-सक्रियता मापिका’ म्हणता येईल. आरंभी तिच्यात २२ विधाने होती. २००५ मध्ये ती १३ वर आणण्यात आली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे रुग्णाने चार पर्यायांतून सांगावयाचे असते. उत्तरांवरून ० ते १०० या दरम्यान एक अंक निघतो आणि त्या अंकावरून रुग्ण चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, ते ठरते.

या मापिकेमागील गणित गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने मांडलेल्या पद्धतीचे आहे. शिक्षकांना ते सहज समजेल. वर्गात बेरजेचे गणित बहुतेक मुलांना येते, हातच्याचे थोड्यांना आणि त्रैराशिक मोजक्यांनाच. ज्याला त्रैराशिक येते त्याला बेरीज येत असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रश्नांची सोप्याकडून कठिणाकडे अशी शिडी लावली, की कोणता विद्यार्थी कोणत्या पायरीवर थांबला ते दिसते आणि पुढचा धडा कोठून आरंभावा तेही कळते. हिबर्ड यांनी हीच रीत रुग्णाच्या ज्ञानाला, कौशल्याला आणि आत्मविश्वासाला लावली.

पहिल्या पायरीवरील रुग्णाला आपल्या प्रकृतीत आपले काही कर्तव्य आहे, असेच मुळी वाटत नसते. डॉक्टर बरे करतील किंवा नशिबात असेल ते होईल, अशी त्याची धारणा असते. दुसऱ्या पायरीवरील रुग्णाला आपला वाटा मान्य असतो, परंतु माहिती तुटपुंजी असते. रक्तदाबाची गोळी डोके दुखले तरच घ्यावयाची, असे मानणारे पुष्कळजण येथे सापडतील. तिसऱ्या पायरीवर कृतीस आरंभ झालेला असतो. चौथी पायरी मात्र विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. संसारात अडचण, ताण वा संकट आले असताही घडी मोडू न देणे, ही त्या पायरीची खूण होय.

मिनेसोटा राज्यातील तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा हिबर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तळाच्या पायरीवरील रुग्णांवर होणारा अंदाजित खर्च वरच्या पायरीवरील रुग्णांच्या तुलनेत पहिल्या वर्षी ८ टक्क्यांनी, तर पुढील सहामाहीत २१ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१६ मध्ये १८ लाखांपर्यंत लोकांसाठी ही मापिका वापरण्याचा परवाना घेतला. परवाना हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ही प्रश्नावली खाजगी मालकीची असून ती वाटेल त्याने छापून वाटावी अशी मुभा नाही. जिल्हा परिषदेला आपल्या कामापुरते प्रश्न स्वतःच घडवावे लागतील, आणि पुढील विवेचनावरून दिसेल की ते एका परीने इष्टच आहे.

‘हो’ या उत्तराची अडचण

मूळ मापिकेतील सर्व विधाने होकारार्थी आहेत. मराठवाड्यातील एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर आरोग्य खात्याची कर्मचारी हातात कागद घेऊन बसली आणि तिने विचारले, “आजोबा, गोळ्या घेण्याचं महत्त्व तुम्हाला पटतं का?”, तर उत्तर काय येईल हे सांगावयास नको. “हो बाई, पटतं की.” हे उत्तर खोटे असतेच असे नाही. दारी आलेल्या माणसाचा मान राखावा, सरकारी कागदावर आपल्याविरुद्ध काही जाऊ नये, कोणती योजना बंद होऊ नये, असे अनेक हेतू त्या एका ‘हो’मध्ये मिसळलेले असतात. अशा उत्तरांची बेरीज केल्यास सारा गाव चौथ्या पायरीवर दिसेल.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू, निलंगा-उदगीरच्या सीमेलगत कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी व कोलामी आणि गावोगावी दखनी बोलली जाते. केवळ प्रमाण मराठीत छापलेला तक्ता यांतील कित्येक घरांत परकाच ठरेल. शिवाय शब्दही जपून निवडावे लागतात. “तुमच्या आरोग्याची जबाबदारी तुमची आहे” या वाक्याचा आशय इंग्रजीत उत्तेजनाचा असेल. उपकेंद्राच्या पायरीवर उभ्या असलेल्या मजुराला त्यातून सरकार हात झटकत असल्याचेच ऐकू येते. ‘आत्मविश्वास’ हा शब्दही पुस्तकी आहे. “हे तुम्हाला एकट्याला जमेल का?” असे विचारले की माणूस नीट विचार करून उत्तर देतो.

म्हणून सहमती विचारण्याऐवजी कृती सांगावयास लावणारे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. “गोळ्यांचं पाकीट दाखवा बरं; यातली सकाळची कोणती?” “मागच्या आठवड्यात किती वेळा राहिली?” “पायाला काटा लागला तर कळतो का? पाय शेवटचा कधी पाहिला?” मधुमेहात पायाची संवेदना मंदावते आणि काळ्या रानात अनवाणी वावरणाऱ्याला मोडलेल्या काट्याचा पत्ता लागत नाही. रोज रात्री तळपाय न्याहाळणारा रुग्ण आपला पाय वाचवू शकतो. ही एक सवय असली-नसली, याचे उत्तर दहा विधानांच्या सहमतीपेक्षा अधिक काही सांगून जाते.

आज्ञापालन आणि सहभाग

येथे एका गफलतीपासून सावध राहिले पाहिजे. रुग्णाने सांगितलेले मुकाट्याने ऐकले म्हणजे तो सक्रिय झाला, असा समज अधिकारीवर्गात आढळतो. उपवासाचे उदाहरण घेऊ. एकादशी, चतुर्थी, नवरात्र आणि रमजान यांना या दोन्ही जिल्ह्यांतील घरोघरी स्थान आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन असे आहे, की ते घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर एकाएकी खाली जाते, घाम सुटतो, भोवळ येते, क्वचित शुद्धही हरपते. उलट साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांवर उपवास ‘सोडला’, तर साखर चढते. नेमाने गोळी घेणारा आज्ञाधारक रुग्ण त्या दिवशी संकटात सापडू शकतो. ज्याने नवरात्रापूर्वीच दवाखान्यात जाऊन “उपवास धरायचा आहे, गोळीचं काय करू?” असे विचारले, तो खरा सक्रिय रुग्ण. गोळ्या मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीला या दोघांतील फरक दिसत नाही.

विचारण्याचे बळ किती मोलाचे आहे, याची प्रचिती शेजारच्या बीड जिल्ह्यात आली. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांतील किती अनावश्यक होत्या हा वैद्यकीय निर्णयाचा भाग झाला. परंतु “औषधाने भागणार नाही का?”, “आणखी एका डॉक्टरांना दाखवू का?” हे दोन प्रश्न रुग्णाला विचारता येतात की नाही, हे मोजणे कोणत्याही सक्रियता-मापनाचे अंग असले पाहिजे. सांगितले तसे वागणे एवढ्यालाच गुण देणारी मोजपट्टी अशा ठिकाणी उलटेच माप दाखवील.

चौथी पायरी: ऊस, पेरणी आणि लग्नसराई

संकटातही घडी टिकविणे ही चौथ्या पायरीची व्याख्या वर आली आहे. या भागातील संकटे आणि अडचणी पंचांगाप्रमाणे ठरलेल्या आहेत. मृगाच्या पेरणीत सारे घर पहाटे शिवारात असते आणि दवाखान्याची तारीख टळते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. लग्नसराईत पंगतीत नाही म्हणणे अवघड. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार यांसारख्या तालुक्यांतून, तसेच बालाघाटच्या रांगांतील गावांतून, मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. सहा महिन्यांच्या क्षयरोग-उपचारापैकी बराच काळ, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची कित्येक पाकिटे, या मुदतीत मोडतात. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवतो, आणि तो एकट्या रुग्णापुरता राहत नाही. फडाशेजारच्या पालात त्याच्याबरोबर लहान मुलेही झोपतात.

अशा रुग्णाला “ताण असतानाही मी उपचार चालू ठेवू शकतो” या विधानाशी सहमत आहात का, असे विचारणे व्यर्थ आहे. “औंदा कोणत्या कारखान्यावर जाणार? सोबत किती दिवसांच्या गोळ्या? संपल्या तर तिथला दवाखाना कुठे, माहीत आहे का? केसपेपर बरोबर घेतला का?” हे चार प्रश्न त्याची चौथी पायरी अचूक मोजतात. क्षयरोगाच्या रुग्णांची ‘निक्षय’ नोंदणी देशभर चालत असल्याने दुसऱ्या जिल्ह्यातही त्याच्या क्रमांकावरून उपचार पुढे चालविता येतात. मात्र तो क्रमांक रुग्णाजवळ असावयास हवा.

यंत्राने मोजमाप

रुग्णाच्या बोलण्यावर विसंबण्याऐवजी यंत्राकडून मोजमाप घ्यावे, असा विचारही झालेला आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमात ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ नावाची पद्धत वापरण्यात आली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसे. त्यावर रुग्णाने विनामूल्य फोन केला की त्या दिवशीची मात्रा घेतल्याची नोंद होई. कल्पना चतुर होती. परंतु चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील रुग्णांच्या लघवीत औषधाचा अंश आहे की नाही हे तपासून या नोंदींची पडताळणी केली असता, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही बाजूंनी चूक आढळली. फोन न करणाऱ्या अनेकांनी गोळी घेतलेली होती, आणि फोन करणाऱ्या काहींनी ती घेतलेली नव्हती. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो दिवसभर मुलाच्या खिशात असतो, तेथे अशी चूक व्हावी यात नवल नाही.

याहून सरळ मार्ग परिणाम मोजण्याचा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे आरंभी घेण्यात आले होते. नोंद झालेल्या रुग्णांपैकी कितीजणांचा रक्तदाब अलीकडच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता आणि कितीजण आलेच नाहीत, हे तेथे तिमाहीगणिक पाहिले जाते. हा आकडा प्रामाणिक आहे, कारण तो रुग्णाच्या आणि केंद्राच्या कामगिरीचा एकत्रित हिशेब आहे. रुग्ण का आला नाही हे मात्र त्यातून कळत नाही. तेथे पुन्हा त्याच्याशी बोलावेच लागते.

दुसरी बाजू

रुग्ण का आला नाही, याची कारणे नेहमी रुग्णातच असतात असे नाही. केंद्रात गोळ्या नव्हत्या म्हणून दोन वेळा रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि मापिका त्याला पहिल्या पायरीवर बसविते. सुनेला उपचाराचे सर्व ज्ञान आहे, पण एसटीचे भाडे सासूच्या हातात आहे. येथे कमी गुण कोणाचे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात मूतखड्याच्या रुग्णाला ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला देऊन, तो पाळला की नाही यावर त्याला गुण देणे हास्यास्पदच ठरले असते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या अंकाशेजारी ‘अडचण कोणती’ असा एक रकाना असणे अगत्याचे आहे. औषधाचा तुटवडा, प्रवासखर्च, घरातील संमती, स्थलांतर अशी कारणे त्यात लिहिली जावीत. अनेकांच्या रकान्यात एकच कारण आढळले, तर तो प्रश्न रुग्णाचा उरत नाही, तो ग्रामसभेचा वा तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा होतो.

सेवेचे मोजमाप लोकांनी करण्याचा अनुभव लातूरच्या शेजारीच उपलब्ध आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, नंदुरबार, पुणे आणि ठाणे यांबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. गावाने आपल्या उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावयाचे, अशी त्याची रीत होती. ज्या लातूर जिल्ह्याची निर्मितीच १९८२ मध्ये उस्मानाबादमधून झाली, तेथील पंचायत सदस्यांना हा अनुभव परका वाटू नये.

लोक निष्क्रिय असतात, हे गृहीतही या भूमीत टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कार्यक्रमात हजाराहून अधिक गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्याच हाती सोपविण्यात आले आणि गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक नेमून शासन व कुटुंबे यांच्यामधला दुवा करण्यात आले. पैसा कोणत्या हप्त्याने मिळणार, भिंतीत काय घालावयाचे, तपासणीस कोण येणार हे त्यांना नीट कळले, तेव्हा आयुष्यात कधी अभियंत्याशी न बोललेल्या बायकांनी बांधकामावर प्रश्न विचारले. माहिती, साधन आणि विचारण्याची मुभा ही तिन्ही एकत्र मिळाली होती.

अंमलबजावणीविषयी

प्राथमिक आरोग्य केंद्राने हे काम हाती घ्यावयाचे ठरविल्यास आठ-दहा प्रश्न पुरेत. ते बसून ठरविताना वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर आशा कार्यकर्ती, एखादा शिक्षक आणि दोन-तीन जुने रुग्ण असावेत. प्रश्न कोणत्या बोलीत कसा विचारावा, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. ज्या व्यक्तीकडून रुग्णाला गोळ्या किंवा अनुदान मिळते, तिनेच प्रश्न विचारू नयेत. क्षयरुग्णांना पोषण आहारासाठी मिळणारी मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. उत्तर चुकले तर ती बंद होईल अशी शंका आली, की सर्व उत्तरे एकसारखी येतात. घरातील कोण गोळ्यांची आठवण करते, त्या व्यक्तीलाही बोलण्यात घ्यावे. शाळेतील सातवी-आठवीची मुले आजीच्या पाकिटावरील तारीख आणि मात्रा वाचून दाखवू शकतात, आणि कित्येक घरांत ती तसे करीतही असतात.

गावनिहाय किंवा आशानिहाय क्रमवारी लावण्याचा मोह मात्र टाळावा. क्रमवारी लागली की अंक वाढविण्याचे काम रुग्णाऐवजी कागदावर सुरू होते, हे साक्षरता मोहिमेपासून कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांपर्यंत अनेकदा दिसून आले आहे. रुग्णाची पायरी सार्वजनिक फलकावर लिहू नये. क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्याबाबतीत तर मुळीच नाही. अंकाचा उपयोग एकच. पहिल्या पायरीवरील रुग्णाला आहाराचा लांबलचक तक्ता देण्याऐवजी पुढील भेटीपर्यंत करावयाची एकच गोष्ट सांगावी. चौथ्या पायरीवरील रुग्णाला दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देता येतील का, ते पाहावे, म्हणजे कर्मचाऱ्यांचा वाचलेला वेळ पहिल्याच्या घरी खर्च होईल.

वर्षातून दोनदा विचारपूस झाली तरी पुष्कळ झाले. पहिली पेरणीपूर्वी मे महिन्यात घ्यावी. दुसरी पोळ्यानंतर आणि दसऱ्याच्या आत झाली पाहिजे. टोळ्या ट्रॅक्टरवर बसल्यानंतर ती घेऊन उपयोग नाही. त्या भेटीत प्रश्नांचा कागद भरून झाला, की त्याच बैठकीत रुग्णाच्या हाती त्याचे कार्ड, निक्षय क्रमांक आणि शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, आणि तो ज्या कारखान्यावर जाणार त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात कळवावे.